वैदेहीच्या नावाचा रिपोर्ट

हे मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेलं नाही. अर्धं सांगितलं होतं, एकदाच, आईला — आणि त्या अर्ध्यानेच घात केला. उरलेलं अर्धं नऊ वर्षं माझ्यापाशी पडून आहे. ते आज तुमच्यापुढे ठेवते. नावं बदलली आहेत. इतकी अक्कल आता आली. तेव्हा आली असती तर लिहायची वेळच आली नसती.

माझं काम काय ते आधी सांगायला हवं. मी लोकांच्या कुलपांची परीक्षा घेते. लोखंडी कुलपं नव्हेत — वेबसाइट, अ‍ॅप, ऑफिसांची जाळी. कंपनी आम्हाला बोलावते आणि म्हणते, आमच्याकडे चोर कुठून शिरेल ते शोधा. आम्ही शिरून दाखवतो. कधी कधी न बोलावताही एखादं भोक नजरेस पडतं. तेव्हा गुपचूप मालकाला कळवायचं आणि त्याने ते बुजवेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. त्यातही एक नियम असतो. भोक आहे एवढं सिद्ध होईपर्यंतच आत बघायचं, त्यापुढे डोळा घालायचा नाही. हा नियम मी नव्या मुलामुलींना शिकवते. अजूनही शिकवते, चांगलं तोंड वर करून.

आम्ही लालबागचे. बाबा गिरणीत होते. गिरणी गेली, मग बाबा गेले, मग चाळही गेली आणि तिच्या जागी जो टॉवर आला त्यात अकराव्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ मंदार. मंदार गिरगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. अबोल. चार माणसांत बसला तर पाचव्याला वाटावं इथे तिघंच आहेत. त्याचं लग्न जमवायचं म्हणजे डोंगर होता. कुंदामावशीने — आईची चुलतबहीण, आख्ख्या नात्यात लग्नं जमवणारी — सात-आठ स्थळं आणली आणि मंदारने प्रत्येक वेळी खांदे उडवले. मग वैदेहीचं आलं.

वैदेही डिलाईल रोडची. वडील नव्हते, आई आणि धाकटी बहीण. ती एका वाचनालयात कामाला होती. बघण्याचा कार्यक्रम झाला आणि परत येताना मंदार टॅक्सीत बोलत होता. ऐकता ना — बोलत होता! ती कशी पुस्तकांच्या पाठीवर नंबर लिहिते, तिचं अक्षर कसं आहे, तिने विचारलं की जलरंग शिकायला वय लागतं का. लालबाग येईपर्यंत थांबला नाही. आईने पदराने डोळे टिपले. दोघं नंतर दोनदा भेटली. बैठकीची तारीख ठरायची तेवढी बाकी होती.

आणि मी? मला आनंद झाला होता का? झाला होता, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आले. खरं सांगायचं तर आत काहीतरी सलत होतं. माझं लग्न कधी जमलं नाही. दोनदा जमत आलं आणि चौकशीत मोडलं. आमच्यात स्थळ आलं की चौकशी होतेच — शेजारी विचारायचं, वाण्याकडे विचारायचं, मुलगी किती वाजता घरी येते, कोणाबरोबर येते. माझ्याबद्दल जुन्या चाळीतल्या कोणीतरी सांगितलं की पोरगी तापट आहे आणि कॉम्प्युटरवर रात्रंदिवस काय करते देव जाणे. तेवढ्यावर दोन घरं परत फिरली. म्हणजे चौकशीने माणसाचं काय होतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात. मला कळलं होतं, तरीही.

त्याच आठवड्यात आईच्या साखरेची तपासणी केली. परळ-दादरकडे बऱ्याच शाखा असलेली एक लॅब आहे, तिथे. मोबाईलवर लिंक आली, रिपोर्ट उघडला, आणि माझी नजर सवयीने लिंकच्या शेपटाकडे गेली. तिथे आईचा मोबाईल नंबर होता. उघडा. म्हणजे तो पुसून दुसऱ्याचा घातला तर? आईच्या जागी माझा नंबर घातला. माझे गेल्या तीन वर्षांतले सगळे रिपोर्ट समोर. पासवर्ड नाही, काही नाही. ज्याचा नंबर माहीत त्याचं रक्त, त्याची लघवी, त्याची किडनी — सगळं बघा.

इथे थांबायचं होतं. भोक सिद्ध झालं होतं. लॅबला पत्र लिहायचं आणि विषय संपवायचा.

रविवारची दुपार होती. आई आडवी झाली होती, मंदार बाहेर गेला होता. टीपॉयवर वैदेहीचा बायोडाटा होता. वर गणपती, खाली उंची, रास, शिक्षण, मामाचं आडनाव, मूळ गाव. वडील नसल्यामुळे संपर्क म्हणून तिने स्वतःचाच नंबर दिला होता. लग्नाचा बायोडाटा म्हणजे माणूस विश्वासाने सगळं लिहून आपल्या हातात देतो — हे मला आज सुचतंय. त्या दिवशी सुचलं ते एवढंच की नंबर समोर आहे.

मी तो टाकला.

का? भावाच्या काळजीने? — हे कारण मी वर्षानुवर्षं तोंडपाठ करून ठेवलं होतं. आत सलत होतं म्हणून? थोडंफार. पण सगळ्यात खरं कारण त्याहून हलकं आहे. बघता येत होतं म्हणून बघितलं. आमच्या धंद्यातल्या माणसाची ही खाज असते आणि आम्ही तिला कुतूहल असं शहाणं नाव दिलेलं आहे. जुन्या चाळीत समोरच्या काकू खिडकीच्या फटीतून बघायच्या तेव्हा मी त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. त्यांची फट वीतभर होती. माझी केवढी होती?

तीन रिपोर्ट होते. एक हिमोग्लोबिनचा, एक थायरॉईडचा. तिसरा आठ महिन्यांपूर्वीचा, दादरच्या शाखेतला. गरोदरपणाची रक्ततपासणी. पॉझिटिव्ह. वर नाव वैदेहीचं, वय तिचंच, आडनावही तेच.

मी लॅपटॉप मिटला. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता — मला काहीतरी सापडलं होतं! तो उत्साह मी ओळखते. काम फत्ते झालं की येतो तोच.

आईला मी काय सांगितलं ते शब्दशः आठवतं. "या मुलीचं आधी काहीतरी झालंय. दिवस गेले होते तिला. मला ऑफिसच्या कामातून कळलं, कसं ते विचारू नकोस आणि कोणाला बोलू नकोस." आई म्हणाली, "माका तर पोरगी बरी दिसली गो." तेवढंच. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. शिकलेली मुलगी, मोठ्या ऑफिसात, ती कशाला खोटं बोलेल? आणि खोटं मी बोललेही नव्हते. जे वाचलं तेच सांगितलं होतं. यात कसली शेखी, सांगा. कुंपणच शेत खात होतं आणि वर म्हणत होतं, मी खोटं खाल्लं नाही.

पुढचं आमच्याकडे जसं होतं तसं झालं. पत्रिका जुळत नाही असा निरोप गेला. आमच्या घरात बाबांनी जन्मात पत्रिका मांडू दिली नव्हती. मंदारची तर धड जन्मवेळही कोणाला ठाऊक नाही. तो आईशी भांडला. भांडला म्हणजे दोन दिवस जेवला नाही. आईने शपथ घातली, बाबांच्या फोटोवर हात ठेवून रडण्याचा तिचा प्रकार केला आणि त्याने नाद सोडला. मला त्याने एकदाच विचारलं, "ताई, तू तरी मानतेस का पत्रिका?" मी म्हटलं, "आईच्या मनाविरुद्ध सुख लागत नाही रे." काय पण सुभाषित!

आईने कोणाला सांगायचं नव्हतं. पण कुंदामावशी अडून बसली — एवढं चांगलं स्थळ का मोडलंत, माझं नाव खराब होतं. आईने फक्त तिलाच सांगितलं. कुंदामावशीने फक्त जिला सांगायला हवं तिलाच सांगितलं. गोष्ट षट्कर्णी झाली की तिला पाय लागतात म्हणतात. हिला चाकं लागली. महिन्याभरात ती डिलाईल रोडला वैदेहीच्याच चाळीच्या जिन्यात पोचली. तिथे पोचेपर्यंत तिच्यात काय काय भर पडली होती ते मी लिहिणार नाही. माझ्या हातून ते एकदा पसरलं तेवढं पुरे.

याच महिन्यात मी लॅबला पत्र लिहिलं. हो, लिहिलं — कर्तव्याला मी चुकत नाही! व्यवस्थित अहवाल केला, भोक कुठे आहे, कसं बुजवायचं. त्यांचा उलट प्रश्न आला: तपासताना तुम्ही कोणाकोणाची माहिती पाहिली? मी लिहिलं: फक्त माझी आणि माझ्या आईची, तिच्या संमतीने. त्यांनी ते पडताळून बघितलं नाही. कशाला बघतील? बघितलं असतं तर त्यांना पेशंटना कळवावं लागलं असतं. माझं खोटं त्यांच्याही सोयीचं होतं. आठवड्याभरात भोक बुजलं आणि सगळ्या शाखांत काउंटरवर बोर्ड लागले की आपली माहिती सुरक्षित आहे. आमच्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने वार्षिक मेळाव्यात माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षांनी मला गावाची लेक म्हटलं. मी भाषण केलं. म्हटलं, यंत्रं क्वचित फितूर होतात हो, बहुतेक वेळा माणसंच फितूर होतात. टाळ्या पडल्या. कुंदामावशी पहिल्या रांगेत होती.

त्या सत्काराचा फोटो नात्यागोत्यातून फिरत वैदेहीपर्यंत गेला. आणि तिने मला फोन केला.

दादरला फुलबाजाराजवळच्या एका उडप्याकडे आम्ही भेटलो. सकाळी साडेदहाची वेळ. तिने चहा मागवला आणि प्यायली नाही. मला वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल. ती फाइल घेऊन आलेल्या माणसासारखी नीट, एकेक मुद्दा बोलली. तुमच्याकडून पत्रिकेचं कारण आलं ते मी मानलं, म्हणाली. पण आता चाळीत बोलतात. नंतरची दोन स्थळं परत गेली. आई देवळात जायची बंद झाली. "शिल्पाताई, मी तुमच्याकडे मंदारसाठी नाही आले. तुम्ही त्या लॅबचं पकडलंत ना, म्हणून आले. मला एवढंच सांगा, माझा रिपोर्ट कोणी उघडला होता का?"

आणि मग ती म्हणाली की तो रिपोर्ट तिचा नव्हताच.

धाकट्या बहिणीचा होता, मंजिरीचा. मंजिरी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात. घाबरून तिने हिला सांगितलं. वस्तीजवळ नको म्हणून दोघी दादरला गेल्या. काउंटरवर नाव विचारलं तेव्हा मंजिरीच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून हिने स्वतःचं नाव, स्वतःचं वय, स्वतःचा नंबर दिला. "मी कमावती होते, ताई. मला वाटलं, माझं नाव दिलं तर माझं काय जाणारे?"

ऐकताय ना? तुमच्या मनात आता जे आलं तेच माझ्याही मनात आलं — की अरेरे, मुलगी निर्दोष होती. पण थांबा. तो रिपोर्ट तिचाच असता तर? तर माझं बरोबर होतं? त्या क्षणी मला स्वतःच्या मनाचा तळ दिसला आणि तो स्वच्छ नव्हता. मला वाईट वाटत होतं ते माझा निष्कर्ष चुकला याचं. मी आत शिरले याचं वाईट वाटायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली.

ती विचारत होती. दोन बहिणींशिवाय हे जगात कोणाला माहीत नव्हतं, आईलासुद्धा नाही. मग बाहेर कसं गेलं? लॅबमधून गेलं, की मंजिरीने कोणाला सांगितलं? त्या मुलाला, मैत्रिणीला? आणि सांगताना स्वतःचं लफडं वैदेहीच्या नावावर खपवलं? ती हे बोलत होती आणि तिचे डोळे मला विनवत होते की म्हणा, लॅबमधून गेलं. कोणीतरी परक्याने उघडलं म्हणा. तिला बहीण हवी होती. माझ्या एका वाक्यावर ती मिळणार होती. मी एक नाव घ्यायचं होतं, माझं. तेही नको — नुसतं "हो, कोणीतरी उघडला होता" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, "नाही. आम्ही सगळं तपासलं. कोणीही काही उघडलं नव्हतं."

इतक्यावरही थांबले नाही. मला भीती वाटली — हिला संशय आला तर? म्हणून मी माझ्या भाषणातलं वाक्य काढलं. म्हटलं, "बहुतेक वेळा गोष्ट यंत्रातून फुटत नाही, वैदेही. माणसांतूनच फुटते." हे मी बोलले. मऊ आवाजात, तिच्या हातावर हात ठेवून. ती म्हणाली, "थँक्यू ताई, तुम्ही खरं ते सांगितलंत." चहाचे पैसेही तिनेच दिले.

त्या दिवशी घरी जाऊन तिने बहिणीला काय विचारलं, मला माहीत नाही. पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मंजिरीने वर्षभरात मुंबई सोडली, नाशिकला नोकरी धरली. दोघी बोलत नाहीत. वैदेहीचं लग्न झालं नाही. मंदारचंही नाही, तो आता चाळिशीचा आहे, रविवारी स्वतःच्या शर्टांना इस्त्री करतो आणि माझ्या ओढण्यांनाही करून देतो. आई कधी कधी म्हणते, "त्या डिलाईल रोडच्या पोरगेचा काय झाला गो?" मी म्हणते, माहीत नाही. मला बढती मिळाली. दोनदा.

एवढ्यावर हे लिहिलं नसतं. नऊ वर्षं गप्प बसलेलं माणूस आणखी वीस वर्षं बसू शकतं. पण गेल्या महिन्यात मंजिरी माझ्या ऑफिसात आली.

मी तिला ओळखलं नाही. बायोडाट्यात धाकट्या बहिणींचे फोटो नसतात. लोअर परळच्या त्या काचेच्या इमारतीत ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. म्हणाली, आई आजारी आहे, मी भेटायला आले होते, ताईने दार उघडलं आणि आत निघून गेली. मग तिने जे म्हटलं ते इतकं साधं होतं की इतक्या वर्षांत ते कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही? "मी कशाला सांगेन कोणाला? जिने माझं नाव झाकलं तिचंच नाव मी उघडं पाडीन? ताईला हे एवढं पण कळू नये?" ती रडत नव्हती. नऊ वर्षांत रडून झालं असावं.

तिला माहीत होतं की वैदेही मला भेटून गेल्यानंतरच सगळं तुटलं. पण तिचा माझ्यावर राग नव्हता. ती मदत मागायला आली होती. "तुमचा शब्द ताई मानते. कोणी रिपोर्ट उघडला त्याची नोंद असते ना कुठेतरी? परत एकदा बघाल? कदाचित तेव्हा तुमच्या नजरेतून सुटलं असेल."

नोंद असते. त्या लॅबचं काम पुढे आमच्याच कंपनीकडे आलं, तेव्हा ती जुनी नोंद मी डोळ्यांनी पाहिली आहे. वैदेहीच्या नंबरासमोर, तिने स्वतः उघडल्याच्या ओळी सोडल्या, तर एकच ओळ आहे. रविवार, दुपारी तीन वाजून काही मिनिटं, लालबागचं एक घरगुती इंटरनेट कनेक्शन. मला शोधायला काहीच लागलं नसतं. समोर लॅपटॉप उघडा होता.

मी म्हटलं, "इतकी जुनी नोंद कोणी ठेवत नाही गं. पुसून टाकतात."

ती उठली आणि म्हणाली, निदान तुम्ही ऐकून तरी घेतलंत. लिफ्टपर्यंत मी तिच्यासोबत गेले. दार मिटताना ती हसली, एवढं आठवतं.

मंजिरीने कोणालाही काहीही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. हे तिला माहीत व्हायला हवं, वैदेहीला हवं, मंदारला हवं. तिघंही एका फोनच्या अंतरावर आहेत आणि मी तिघांनाही फोन केलेला नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही त्यांच्यापैकी कोणी नाही.